ह हूतचा

ईदच्या सकाळी शादली बकलूतीनं देवमासा सोफ्याखाली ढकलला आणि वरून गालिच्याचं टोक ओढून घेतलं.

देवमासा कागदावरचा होता, पण शादलीच्या छातीतली धडधड खरी होती. रमजानचा अख्खा महिना त्याला ही गोष्ट बहिणीला सांगायची होती. पहिल्या आठवड्यात उपास कडक होता म्हणून राहिलं. दुसऱ्यात वसीलाचा दात दुखत होता. तिसऱ्यात त्याचा स्वतःचा दुखायला लागला, आणि चौथ्या आठवड्यात असलं बोलणं म्हणजे केलेलं पुण्य घालवणं, असं त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ग्रेमदा रस्त्यावर दोन मजली घर, हाताखाली अकरा माणसांचा छापखाना, आणि धाकट्या बहिणीपुढे उभं राहायचं म्हटलं की याला दातदुखी सुचते.

छापखान्याचं नाव काही असो, ट्युनिसच्या दक्षिणेला स्फाक्स शहरात तो ‘अक्षरवाल्यांचा’ म्हणूनच ओळखला जातो. गेली बेचाळीस वर्षं तिथून एक पातळ पुस्तक निघतं. अरबीची अठ्ठावीस अक्षरं, अठ्ठावीस चित्रं, सगळी वसीलाच्या हातची. अलिफ अर्नबचा, तिथे ससा. ब बत्ताचा, तिथे बदक. सहाव्या पानावर ह हूतचा, आणि तिथे एक साधा मासा, ताटात मावेल एवढा, डोळा जरा मोठा, चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी आठवल्यासारखा भाव. हे पुस्तक चघळल्याशिवाय आमच्या शहरात कुणी मोठं झालेलं नाही. नगरपालिकेतले निम्मे लोक अजून त्याच पानावर अडलेत असं वाटतं, पण तो वेगळा विषय.

आता गोम अशी, की आपल्याकडे पाण्यातून निघून तव्यावर जातं ते सगळंच हूत. पण शाळेतल्या शुद्ध अरबीत हूत म्हणजे देवमासा, आणि साध्या माशाला म्हणायचं समका. या गोष्टीनं बेचाळीस वर्षांत कुणाची झोप उडाली नव्हती, एक मोंजी सोडला तर. मोंजी शादलीचा धाकटा भाऊ, शाळा तपासनीस म्हणून नुकताच निवृत्त झालेला. दर ईदला तो ताटावर बसला की सहाव्या पानाचा विषय काढायचा आणि वसीला त्याच्यापुढचं मिठाचं भांडं दूर सरकवायची.

यंदा मात्र मोंजीच्या बाजूनं अख्खं आखात उभं राहिलं होतं. तिथल्या एका शाळांच्या कंपनीनं पत्र पाठवलं होतं: पुस्तक आवडलं, साठ हजार प्रती घेऊ, फक्त सहाव्या पानावर देवमासा हवा. आमची मुलं मासा बघून ‘समका’ म्हणतात आणि ‘स’चं पान शोधत बसतात. आणि बाजारात दोन तऱ्हेची पुस्तकं नकोत, इथेतिथे एकच. छापखाना आता शादलीची मुलगी शीराझ बघत होती. तिनं चार दिवसांत देवमासा काढला, छापून आणला आणि बापाच्या हातात देऊन म्हणाली, “आत्याला तुम्ही सांगायचं.”

*

स्वयंपाकघरात राझिया शरमूला ढवळत होती. ईदच्या दिवशी खारवलेला मासा आणि त्यावर शरमूला, हे स्फाक्समध्ये ठरलेलं. ढीगभर कांदा कालपासून मंद आचेवर रटरटत होता, त्यात मनुका, तेल आणि कुणाला न सांगितलेला मसाला. प्रत्येक घरची शरमूला जगातली एकमेव खरी असते. राझियाची पातळ होते असं तिच्या नणंदेचं, म्हणजे वसीलाचं मत, आणि म्हणून वसीला दर ईदला स्वतःची बरणी घेऊन यायची. वसीलाची इतकी गोड असते की वरातीत वाटावी, असं राझियाचं मत, आणि तेही ती दर ईदला सांगायची.

“आई, आज बाबा आत्याला सांगणारेत,” शीराझ ताटं पुसता पुसता म्हणाली.

“काय सांगणारेत? गुडघ्याचं?”

“सहाव्या पानाचं. मासा जातोय. देवमासा येतोय.”

राझियाचा हात थांबला. कांदा लागायला लागला तेव्हा परत हलला.

“तुला तर बरंच वाटेल,” शीराझ हसली. “आत्याचं नाक जरा खाली येईल.”

“वाटेल ना. का नाही वाटणार?”

“आणि मी मागे खेळांची पानं पण घातलीत. कापा, चिकटवा, रंगवा. एक फार छान आहे. थाळीत रवा पसरायचा आणि मुलांनी बोटानं अक्षर काढायचं. अगदी नवीन पद्धत आहे, ट्युनिसच्या शिबिरात शिकवली.”

“नवीन म्हणतेस?” राझिया म्हणाली आणि तोंड भांड्याकडे वळवलं.

ती थाळी अजून खालच्या कपाटात होती. बेचाळीस वर्षांपूर्वी राझिया केर्केना बेटावरून या घरात सून म्हणून आली, ती वीस वर्षांची, कोळ्याची पोर, जाळं विणण्यात एक नंबर आणि अक्षराशी ओळख शून्य. मध्यस्थ बाईनं सासरी सांगून ठेवलं होतं की मुलगी चार इयत्ता शिकलीय. सासरा असा, की या घरातल्या मांजरीलाही वाचता आलं पाहिजे म्हणणारा. त्यानं पहिल्याच आठवड्यात सुनेच्या हातात छापील कागद दिला आणि चूक शोधायला सांगितली. राझियानं डोळे दुखतात म्हणून सांगितलं. पंधरा दिवस तिचे डोळे दुखत राहिले.

वसीलानं तिला भट्टीपाशी पकडलं. आत काक, म्हणजे गोल गोड बिस्किटं, भाजत होती; वर ‘उघडू नकोस, आत काक आहेत’ अशी चिठ्ठी लावली होती, आणि राझियानं ती चिठ्ठी बाजूला करून झाकण उघडलं होतं. काक बसले. वसीलानं बसलेल्या काकांकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि दार लावून थाळीत रवा ओतला. त्या दिवसापासून रोज दुपारी, घरचे आडवे झाले की. ‘गाढवे, हा अलिफ. काठी आहे काठी. डोक्यात घालू का?’ अशी ती शाळा. बाहेर कुणाला कळलं नाही. आणि बेचाळीस वर्षांत दोघींची सोन्यावरून, पडद्यांवरून, सासूच्या आजारपणावरून, शीराझच्या लग्नावरून जी काही जुंपली त्यातल्या एकाही भांडणात वसीलाच्या तोंडून ते निघालं नव्हतं. राझिया प्रत्येक भांडणात त्याची वाट बघायची.

आज राझिया औषधाच्या दुकानातल्या पाटीवरच्या चुका दुकानदाराला दाखवते. मोंजी म्हणतो, या घरात व्याकरण फक्त वहिनींना येतं. हे सगळं ज्या पानावरून सुरू झालं ते पान आता जाणार होतं, आणि ते का जाऊ नये हे सांगायला तोंड उघडलं तर बाकीचंही बाहेर पडणार होतं. मुलीसमोर, नातीसमोर, आणि मोंजीसमोर तर नकोच नको. राझियानं गॅस बंद केला. जाऊ दे, कागदच तर आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. पण तिला ते पटलं नाही.

*

वसीला आली ती बरणी पुढे करूनच.

“ईद मबरूक. ही घे. तुझी पुरली नाही तर.”

“ईद मबरूक, लल्ला वसीला. आमची पुरते. पण ठेवा, दारावर कुणी मागायला आलं तर देईन.”

“त्यांना तरी चांगलं खाऊ दे.”

नमस्कार-चमत्कार झाले. सहासष्ट वर्षांची वसीला ताठ बसली, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोटाला अजून शाईचा डाग. तिनं ताटं पाहिली, पडदे पाहिले, शादलीचा चेहरा पाहिला.

“सीदी, तुला काय झालंय? पोट बिघडलंय का?” तिनं थोरल्या भावाला विचारलं.

“मला? कुठे काय. दात.”

“दात माझा दुखत होता.”

मोंजी घसा खाकरून म्हणाला, “वस्तुतः सीदीला तुझ्याशी एका पानाविषयी...”

“मोंजी, मासा खा,” शादली घाईनं म्हणाला.

“समका,” मोंजी म्हणाला.

“ताटातला आहे तो, परीक्षेतला नाही,” वसीलानं मिठाचं भांडं दूर सरकवलं.

एवढ्यात शीराझची पाच वर्षांची आमना, ईदचा नवा कडक झगा सावरत, सोफ्याखाली शिरली. तिचा एक जोडा तिथे गेला होता. ती बाहेर आली तेव्हा हातात जोडा नव्हता.

“आई गं! केवढा मोठ्ठा हूत!”

शादलीनं डोळे मिटले. निळाशार देवमासा, डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवत, जेवणाच्या टेबलावर आला. वर शीराझच्या सुबक हातानं मोठा ह, खाली मोठ्या अक्षरांत हूत.

वसीलानं चष्मा शोधला नाही. तिला लागायचाही नाही. “हा कोण?” तिनं विचारलं.

“आत्या, मी सांगते,” शीराझनं सगळं एका दमात सांगून टाकलं. आखात, साठ हजार, एकच पुस्तक, जुनं यंत्र, ज्याचा एक रूळ आता दर आठवड्याला अडतो. “फक्त एक चित्र, आत्या. बाकीची सत्तावीस तुमचीच.”

“बदकाचा निळा रंग बदलला होता तेव्हा मी दोन वर्षं या घरात पाणी प्यायले नाही. आठवतं ना?”

“आठवतं,” शादली म्हणाला. “तेव्हा तू कॉफी प्यायचीस.”

मोंजीला आता कोण आवरणार. तो उभाच राहिला. “मी बेचाळीस वर्षं सांगतोय! मूल घरी एक शिकतं, पुस्तकात दुसरं, शाळेत तिसरं. हूत म्हणजे देवमासा. भाषेशी खेळ नको. वहिनी, तुम्हीच सांगा. तुम्हाला कळतं.”

सगळ्यांनी राझियाकडे पाहिलं. शीराझला खात्री होती की आई देवमाशाच्या बाजूनं जाणार, निदान आत्याला डिवचायला तरी. राझियानं रुमालाला हात पुसले.

“मोंजी, शुक्रवारी मशिदीत जातोस ना?”

“जातो. का?”

“दोन समुद्र मिळतात तिकडे निघालेल्या त्या दोघांची कुराणातली गोष्ट ऐकतोस? वाटेत खायला काय घेतलं होतं त्यांनी?”

मोंजी शिकवल्यासारखा पटकन म्हणाला, “हूत.” आणि मग थांबला.

“कशात घेतला होता?”

“टोपलीत, असं म्हणतात.”

“देवमासा टोपलीत घातला होता? आणि आळीपाळीनं डोक्यावर घेत होते का रे? शुद्ध अरबी आहे ना ती? की तीही आमच्या बेटावरची?”

शीराझला हसू आवरेना. आमनानं विचारलं, “मग तो खाल्ला का त्यांनी?” मोंजी बसला आणि कोशात काय दिलंय ते बघून सांगतो असं काहीतरी पुटपुटला. वसीला वहिनीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात चक्क कौतुक होतं. राझियाला ते इतकं अनोळखी वाटलं की तिनं लगेच ताटात शरमूला वाढायला घेतली.

“बरोबर असेल हो,” शीराझ म्हणाली, “पण त्यांना बरोबर नकोय, त्यांना देवमासा हवाय.”

इथवर सगळं ठीक होतं. पण निवृत्त तपासनीस हरलेला बरा नसतो. त्याला जुनं काहीतरी आठवतं.

“एक मिनिट,” मोंजी म्हणाला. “मुळात तिथे मासा नव्हताच. मी अठरा वर्षांचा होतो. ह हिसानचा होता. घोडा! मी स्वतः पाहिला. छापायचा ठसासुद्धा तयार होता. आणि एका आठवड्यात घोड्याचा मासा झाला. का झाला? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. घोडा तर घरीही हिसान, शाळेतही हिसान. काय खोट होती घोड्यात?”

शादली म्हणाला, “खरंच की. मी जर्मनीत होतो तेव्हा. आलो तर मासा.”

राझियाच्या हातातली पळी भांड्यावर वाजली. आता हा माणूस सोडणार नाही, हे तिला माहीत होतं. बेचाळीस वर्षं जो एका माशाला सोडत नाही तो घोड्याला काय सोडणार.

“मला घोडा जमला नाही,” वसीला म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघतच राहिले. ही बाई हातून चहा सांडला तर पेला हलला म्हणणारी. हिनं आजवर एकही चूक केलेली नव्हती, दोनदा मोटार भिंतीवर घातली तेव्हाही भिंत चुकली होती.

“मागचे पाय चुकले,” वसीला बरणीच्या झाकणाशी खेळत म्हणाली. “खेचर वाटायचं. लाज वाटली म्हणून मासा काढला. माशाला पाय नसतात. झालं समाधान? घाला तुमचा देवमासा. मी पोटापुरतं खाऊन जाते.”

मोंजी हसायला लागला, इतका की मनुका घशात अडकली. “बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं अख्खं शहर चुकीचं शिकलं, कारण हिला घोड्याचे पाय...” शादलीही सुटका झाल्यासारखा हसला. आमना म्हणाली, “वसीला आजी, मला येतो घोडा. शिकवू?”

वसीला नातीकडे बघून हो म्हणाली. राझियाकडे तिनं पाहिलंच नाही.

राझियाला आधी वाटलं, सुटले. मग पायापासून वर संताप चढत आला. ही बाई माझ्यासाठी स्वतःचं हसं करून घेणार? माझ्या घरात, माझ्या ताटावर? म्हणजे उद्यापासून मी हिची देणेकरी. हिची ती गुळचट शरमूला मी मान खाली घालून खायची. पडद्यांवर बोलली तर गप्प बसायचं. छे! भांडणात हरणं परवडलं, पण हिच्या उपकाराखाली जगणं राझियाला मरेपर्यंत जमलं नसतं.

“खोटं बोलतेय ही,” ती म्हणाली.

“राझिया, गप्प बस,” वसीला म्हणाली.

“नाही बसणार. घोडा उत्तम होता. शेपटीचा केस न् केस दिसत होता. खेचर मी म्हणाले होते.”

“तू?” शादली म्हणाला. “तुझा काय संबंध?”

“आमच्या बेटावर घोडा कुणी पाहिलाय? मला ते खेचर वाटलं. खेचर म्हणजे बग्ल. म्हणून मी त्या पानाला रोज ‘ब’ म्हणायचे. रोज! ही रोज डोकं धरायची. शेवटी चिडून हिनं घोडा फाडला आणि विचारलं, बये, तुला जगात काय ओळखता येतं? मी म्हटलं, हूत. तेवढंच येत होतं मला.” तिनं श्वास घेतला. “मला वाचता येत नव्हतं, शादली. या घरात आले तेव्हा अलिफसुद्धा नाही. त्या चार इयत्ता मध्यस्थ बाईनं शिकल्या असतील. मला हिनं शिकवलं, रवा पसरून, शिव्या देऊन. ते पुस्तक शहरासाठी नंतर झालं.”

शीराझ आईकडे अशी बघत होती, की बाई ओळखीची आहे पण नाव आठवत नाही.

“वहिनी,” मोंजी हळूच म्हणाला, “माझ्या निवृत्तीच्या भाषणात तुम्ही नऊ चुका काढल्या होत्या.”

“अकरा होत्या. दोन सोडल्या.”

“पहिल्या दहा अक्षरांना दोन महिने लागले हिला,” वसीला एकदम म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण शब्द नेहमीचेच होते. “तेवढ्यात बकरी शिकली असती.”

“शिकवणारी बरी असती तर बकरी बोललीही असती.”

*

शादली हसला नाही. तो मनात काहीतरी जुळवत होता, आणि ते जुळायला नको होतं.

“मी जर्मनीत होतो,” तो म्हणाला. “लग्नानंतर महिन्यानं गेलो, नवं यंत्र शिकायला. चार महिने. तू मला पत्रं लिहायचीस.”

वसीलानं वर छताकडे पाहिलं.

“बारा पत्रं,” शादली म्हणाला. “माझ्या कपाटात आहेत, सदऱ्यांच्या खाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी मी ती पुन्हा वाचली. त्यात लिहिलंय, तुझ्याविना उशी ओली होते. लिहिलंय, माझ्या दारातल्या चंद्रा.”

“मला नाही माहीत काय लिहिलंय,” राझियाचे कान लाल झाले. “मी सांगायचे, लिही, मी बरी आहे, अम्मांचा गुडघा बरा आहे. आणि ही तासभर लिहीत बसायची.”

“वसीला! सख्खा भाऊ आहे मी तुझा!”

“मग काय करणार होते?” वसीला कडाडली. “गुडघ्याच्या बातमीवर चार महिने टिकला असतास? जर्मनीत होतास तू, सीदी. तिथे सगळीकडे सोनेरी केसांच्या बाया. घर राखलं मी तुझं!”

मोंजीनं रुमालात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते. शीराझही आता टेबलावर डोकं ठेवून हसत होती, आणि आमना विचारत होती की उशी ओली का झाली, आजीनं शू केली का.

“सगळी नाहीत,” राझिया म्हणाली.

हसणं चालूच होतं, पण शादलीनं ऐकलं.

“शेवटचं माझं होतं. तेरावं.”

शादलीला ते आठवलं. अर्धा कागद, तिरक्या ओळी, शब्द एकमेकांवर आदळलेले. तीनच वाक्यं. शादली. ये. हूत ताजा आहे. त्या वेळी त्याला ते काही कळलं नव्हतं. आधीच्या चंद्र आणि उश्यांनंतर हे काय, असं वाटलं होतं.

“मी उत्तर काय लिहिलं होतं?” त्यानं विचारलं, जरी त्याला तेही आठवलं होतं.

“अक्षर घाण आलंय, ताप आहे का? दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेत जा, असं.” राझिया साधेपणानं म्हणाली. “ते मी कुणाला न दाखवता वाचलं. मला आलेलं आणि मीच वाचलेलं पहिलं पत्र.”

“रडलीस?”

“नाही रे. वाचता आलं ना मला. नाचले मी मोरीत.”

टेबलावरचं हसणं एव्हाना थांबलं होतं. शादली ताटातल्या माशाकडे बघत राहिला. मग त्याला जे म्हणायचं नव्हतं ते त्यानं म्हटलं, कारण आज सगळेच म्हणत होते.

“ते मी ठेवलं नाही, राझिया. बारा ठेवली. ते टाकून दिलं.”

राझियानं आपलं ताट बाजूला सारलं. तिला लागलं होतं ते सगळ्यांना दिसलं. वसीलानं बरणीचं झाकण लावलं.

“शीराझ,” शादली म्हणाला, “मासा राहील.”

“बाबा, साठ हजार...”

“राहील. यंत्राचा रूळ मी बसवतो, जर्मनीत तेच शिकलो होतो.”

शीराझ आईकडे बघत होती. वाद घालायला तिच्याकडे दहा मुद्दे होते, पण त्यातला एकही तिनं काढला नाही. “मी त्यांना कारण काय कळवू?” तिनं विचारलं. “बेचाळीस वर्षांपूर्वी एक खेचर होतं म्हणून?”

“आण इकडे. मी लिहिते,” राझिया म्हणाली.

तिनं देवमासा उलटा केला. पाठ कोरी होती. मोंजीनं न मागता खिशातलं पेन काढून दिलं, निवृत्तीला मिळालेलं. राझिया उभ्यानंच लिहायला लागली, भराभर, ओळी सरळ, कुठे थांबणं नाही: आमच्याकडे ह हूतचा. तो ताटात मावतो. तुमच्या मुलांनी त्याला समका म्हटलं तर त्यांना सांगा की समुद्राच्या या काठावर त्याला हूत म्हणतात, एक शब्द जास्त शिकतील, त्यानं कुणी बिघडत नाही. पुस्तक हवं तर माशासकट घ्या. तुम्हाला ईद मुबारक. खाली तिनं आपलं नाव लिहिलं, आणि पेन आपटून ठेवलं.

मोंजी मान वाकडी करून वाचत होता. “चूक नाही,” तो म्हणाला, जरासा हिरमुसून.

“हे तू तुझ्या यंत्रावर टाइप करून पाठव,” शादली शीराझला म्हणाला आणि त्यानं कागदाला हात घातला. “हा माझ्याकडे राहील.”

“सदऱ्यांच्या खाली?” राझियानं विचारलं.

“वर.”

वसीलानं चष्म्याविना, टेबलाच्या त्या टोकावरून कागदाकडे एकदा पाहिलं.

“ठिपका राहिलाय. तुझ्या नावातला.”

“राहिलेला नाही.”

“राहिलाय. बघ नीट, गाढवे.”

राझियानं शादलीच्या हातातून कागद ओढून घेतला, नावावर ठिपका दिला आणि मग तो त्याच्याकडे परत दिला.